दह्यावरील फिर्याद आणि नाकाचा निचरा

“मला सायनस आहे,” असे कपाळाला हात लावून सांगणारी माणसे आपल्याकडे घरोघर आढळतात, आणि ऐकणाराही पुढची विचारपूस करण्याच्या भानगडीत न पडता “मग आधी दही बंद करा” असा फैसला देऊन मोकळा होतो. वास्तविक सायनस प्रत्येकालाच असतात. “मला सायनस आहे” हे विधान “मला यकृत आहे” या विधानाइतकेच निरुपद्रवी आहे. ज्याची तक्रार करावयाची ती त्या पोकळ्यांच्या अस्तराला येणारी सूज होय, आणि तिला सायनुसायटिस असे लांबलचक नाव असल्यामुळे बोलीभाषेने ते कापून निम्मे केले, एवढेच. परंतु नाव जसे निम्मे राहिले तसेच त्या दुखण्याविषयीचे आपले ज्ञानही निम्मेच राहिले, आणि उरलेली जागा दही, केळे, काकडी, पेरू अशा निरपराध पदार्थांवरील आरोपांनी भरून निघाली. या आरोपांचे जाबजबाब घ्यावेत, आणि हे दुखणे बाळगणाऱ्याने खरोखर काय खावे, काय टाळावे आणि अन्नाचा भरवसा सोडून वैद्याचे दार केव्हा ठोठवावे, हे सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चेहऱ्याच्या अस्थींमध्ये हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात: एक गालांच्या हाडांत, एक भुवयांच्या वर कपाळात, एक दोन्ही डोळ्यांच्या मधोमध मधाच्या पोळ्यासारखी लहान लहान कप्प्यांची, आणि एक पार आत, कवटीच्या तळाशी. गालातल्या विवराचे सविस्तर वर्णन नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने १६५१ साली प्रसिद्ध केले म्हणून पुढे दीर्घकाळ ते त्याच्या नावाने ओळखले गेले. लिओनार्दो दा व्हिंचीने मात्र त्याच्याही दीडशे वर्षे आधी कवटी कापून त्याचे चित्र काढून ठेवले होते. प्रौढ माणसात हे विवर सुमारे १५ मिलिलिटर मापाचे, म्हणजे चहाचे तीन चमचे पाणी मावेल एवढे असते. त्यातील चमत्कारिक गोष्ट अशी, की त्याचा नाकात उघडणारा मार्ग तळाशी नसून छताजवळ आहे. ज्या गवंड्याने मोरीचे भोक फरशीलगत न ठेवता तक्तपोशीखाली पाडले असेल त्याला आपण दुसऱ्या दिवशी कामावर उभा करणार नाही. पण निसर्गाने हे केले आहे, आणि करून ते चालवूनही दाखविले आहे.

ते चालते कसे, हे समजून घेतल्यावाचून आहाराची गोष्ट काढण्यात अर्थ नाही. विवरांच्या अस्तरावर अतिसूक्ष्म लोम असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा वल्ह्यासारखे हलतात आणि अस्तरावर पसरलेला श्लेष्म्याचा पापुद्रा मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने वर, दाराकडे आणि तेथून घशाकडे लोटत राहतात. पापुद्र्याचा वरचा थर चिकट असतो आणि धूळ, परागकण, जंतू त्यात अडकतात. खालचा थर पातळ पाण्यासारखा असतो आणि लोम त्यात हलतात. हा खालचा थर आटला की वल्ही चिखलात रुतावीत तशी रुततात, आणि दाराशी सूज आली की वल्ही चालूनही उपयोग होत नाही. सायनुसायटिस म्हणजे मूलतः निचऱ्याचा बिघाड. साध्या पडशाने अस्तर सुजते, दार मिटते, आतला श्लेष्मा साचतो, आणि साचलेल्या जागी जंतूंची वस्ती होते. तेव्हा अन्नाविषयी विचारावयाचा खरा प्रश्न “हा पदार्थ थंड की उष्ण?” हा नसून “याने निचऱ्याला मदत होते की अडथळा?” हा आहे.

बहुतेक वेळी हे दुखणे विषाणूंचे असते आणि सात ते दहा दिवसांत ते आपल्या मुदतीने संपते. शंभर पडशांपैकी फार तर दोहोंत पुढे जिवाणूंचा शिरकाव होतो. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे जंतुनाशक गोळ्या घेण्याची वेळ आली, ही समजूत चुकीची आहे, कारण तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधील एका द्रव्याचा असतो आणि त्या पेशी विषाणूंशीही झुंजतात. दहा दिवस उलटूनही उतार न पडणे, किंवा बरे वाटू लागल्यावर पुन्हा ताप व दुखणे उलटणे, ही जिवाणूंची अधिक खात्रीची खूण. बारा आठवड्यांवर मुक्काम झाला की त्या दुखण्याला जुनाट म्हणतात, आणि तेथे ॲलर्जी, नाकातील कोंब, वाकडा पडदा, किडलेली वरची दाढ अशी निराळी कारणे शोधावी लागतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांना अप्रिय वाटेल: अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत “सायनसची डोकेदुखी” म्हणून आलेल्या जवळजवळ तीन हजार रुग्णांना तपासले, तेव्हा त्यांतील ८८ टक्क्यांचे दुखणे अर्धशिशीच्या लक्षणांत बसणारे निघाले. ज्यांचे नाक मोकळे आहे, पण उजेड सहन होत नाही आणि मळमळते, त्यांनी दह्याला दोष देण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

आता दह्याची कैफियत ऐकू या. माझी आजी भाद्रपदापासून माघापर्यंत सूर्यास्तानंतर दह्याचे भांडे शिंक्यावरून उतरवू देत नसे, आणि या शिस्तीमागे नुसता हट्ट नव्हता. रात्री दही खाऊ नये असा आयुर्वेदाचा स्पष्ट निर्बंध आहे. परंतु त्याच ग्रंथांत दही मुगाच्या कढणाबरोबर, मधाबरोबर, आवळ्याबरोबर खावे अशा सवलतीही नमूद आहेत, आणि लोकांनी निर्बंध तेवढा लक्षात ठेवून सवलती दफ्तरी दाखल केल्या. वसंतात कफ प्रकोप पावतो म्हणून त्या ऋतूत जड, आंबट, गोड व स्निग्ध पदार्थ आवरावेत, हा ऋतुचर्येचा विचार दह्याविषयीच्या सरसकट मनाई-हुकुमापेक्षा पुष्कळ सूक्ष्म आहे. पाश्चात्य वैद्यकाची परंपराही या बाबतीत आपल्याहून निराळी नव्हती. बाराव्या शतकातील मैमोनिदीस या ज्यू वैद्याने दम्यावर लिहिलेल्या प्रबंधात दुधाविषयी अशीच सूचना आहे.

दुधाने कफ वाढतो ही समजूत कसोटीला लावण्याचे काम १९९० साली ऑस्ट्रेलियात झाले. निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात पडशाचे विषाणू मुद्दाम सोडून त्यांनी रोज किती दूध घेतले आणि नाकातून किती श्लेष्मा निघाला याचा जमाखर्च ठेवण्यात आला. दूध अधिक पिणाऱ्यांना श्लेष्मा अधिक, असे आढळले नाही. मग दूध प्याल्यावर घसा दाटल्यासारखा का वाटतो? दूध लाळेशी मिसळून किंचित दाट होते आणि काही क्षण जिभेवर व घशात पापुद्रा राहतो. त्या पापुद्र्यालाच आपण कफ समजतो. माझा स्वतःचा निकाल असा, की ज्याला दह्याने खरोखर बाधते असे वाटते त्याने ते दोन आठवडे संपूर्ण सोडावे, रोजनिशीत लक्षणे टिपावीत, नंतर दोन आठवडे दुपारच्या जेवणात पुन्हा घ्यावे, आणि दोन्ही पंधरवड्यांत फरक दिसला नाही तर दह्याला निर्दोष सोडावे. मुलांच्या बाबतीत तर अधिकच सावध असावे. नाक वाहते म्हणून दूध, मग दही, मग केळे, मग पेरू असे एकेक बंद करीत गेलेली आई शेवटी त्या पोराच्या ताटात चहा-बिस्किटे ठेवते, आणि त्याची वाढ खुंटली की पुन्हा सायनसलाच बोल लावते. या यादीतील पेरूची गोष्ट विशेष खेदाची आहे. पडशाच्या दिवसांत ज्याला आपण वेशीबाहेर ठेवतो त्या फळाच्या शंभर ग्रॅमांत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, म्हणजे प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या गरजेच्या दुपटीहून अधिक.

निचऱ्याला प्रत्यक्ष हात लावणारा पदार्थ शोधावयाचा तर तो कोणत्याही दुर्मीळ वनस्पतीत नसून चुलीवरच्या पातेल्यात आहे. १९७८ साली अमेरिकेतील मायामी येथील काही वैद्यांनी नाकातील श्लेष्म्याचा वेग मोजला, तेव्हा गरम पाणी घोटघोट घेतल्याने तो मिनिटाला ६.२ मिलिमीटरांवरून ८.४ पर्यंत आणि कोंबडीच्या गरम सुपाने ६.९ वरून ९.२ पर्यंत वाढला; थंड पाण्याने मात्र तो ७.३ वरून ४.५ वर घसरला. हा परिणाम अर्ध्या तासात ओसरला. म्हणून दिवसातून एकदाच वाडगाभर रस्सा ओरपण्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे गरम पेय घेणे शहाणपणाचे, आणि याच कारणास्तव बर्फ व थंडगार पेये त्या आठवड्यापुरती बाजूस ठेवावीत. दह्यावर लादलेली बंदी या थंड पेयांवर लादली असती तर ती अधिक न्याय्य ठरली असती!

गरम आणि पातळ अशा पदार्थांची ददात मराठी स्वयंपाकघराला कधीच नव्हती. मुगाचे कढण, ज्यात मूग अगदी विरघळून जावेत इतके शिजवून वर जिरे, आले आणि साजूक तुपाची फोडणी दिलेली असते, हे पथ्याच्या पदार्थांत सर्वांत समजूतदार. देशावरचे हुलग्याचे माडगे आणि कोकणातले कुळथाचे पिठले ही एकाच कडधान्याची दोन रूपे. दोन्ही पातळ ठेवून गरम घ्यावीत. तळकोकणात आजाऱ्याला दिली जाणारी उकड्या तांदळाची पेज भूक मेलेली असताना पाणी, मीठ आणि पिष्ट या तिन्हींची सोय एका वाडग्यात करते. पुरण शिजवून काढलेला कट उरला असेल तर आमटी करावीच. मांसाहारी घरांत पांढरा रस्सा किंवा पायांचे सूप हे मायामीच्या त्या सुपाचे सख्खे भावंड. तांबड्या रश्श्याची गोष्ट थोडी निराळी आहे. मिरचीतील तिखट द्रव्य नाकाच्या मज्जातंतूंना डिवचते आणि नाकातून पाणी वाहू लागते. त्याने घटकाभर मोकळे वाटते हे खरे, पण विवराचे दार उघडले असा त्याचा अर्थ नव्हे, आणि पित्त उसळून अन्न घशाशी येऊ लागले तर सुजलेल्या घशात आणखी आग पडते. रक्तदाब असणाऱ्यांनी या साऱ्या पातळ पदार्थांतले मीठ बेताचे ठेवावे. पाणी किती प्यावे याला ठोक माप नाही. लघवी फिकट रंगाची राहील इतके, हा व्यवहारी दाखला पुरे. ज्यांना मूत्रपिंड वा हृदयाचे विकार आहेत त्यांनी मात्र वैद्याने आखून दिलेली मर्यादा ओलांडू नये.

अस्तराची डागडुजी हे दुसरे काम, आणि ते एका आठवड्याचे नसून बारमाही आहे. श्लेष्मल अस्तर धड राहण्यास अ जीवनसत्त्व लागते. शेवग्याचा पाला, माठ, राजगिरा, गाजर, लाल भोपळा यांतून त्याचे पूर्वद्रव्य मिळते, मात्र तेला-तुपाच्या फोडणीवाचून ते अंगी लागत नाही, म्हणून सर्दीत तेल वर्ज्य करून पाला नुसता उकडून खाणाऱ्याने निम्मी मेहनत वाया घालविलेली असते. क जीवनसत्त्वाचा डंका लायनस पॉलिंग या नामांकित शास्त्रज्ञाने १९७० साली ग्रंथ लिहून वाजविला. पुढील तपासात असे निष्पन्न झाले की सामान्य माणसाचे पडसे त्याने टळत नाही, नियमित घेतल्यास त्याची मुदत थोडी घटते, आणि पडसे झाल्यावर गोळ्यांचा मारा करून विशेष काही साधत नाही. तेव्हा आवळा, पेरू, लिंबू, कोथिंबीर रोजच्या जेवणात असावी, गोळ्यांच्या बाटल्यांचा संग्रह नसावा. जस्त तीळ, डाळी, अंडी, मांस यांतून मिळते. नाकात घालावयाच्या जस्तयुक्त औषधांनी वासाची संवेदना कायमची गेल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २००९ साली लोकांना इशारा द्यावा लागला. हळदीच्या दुधाविषयी माझ्या मनात प्रेम आहे, पण त्याने सायनुसायटिस बरा होतो असे म्हणणे धाडसाचे होईल. ते गरम असते, झोपेपूर्वी स्वस्थ बसून घेतले जाते, आणि कोणाच्या तरी हातून मिळते, हे गुण पुरेसे आहेत. खोकल्यासाठी मध चाटविण्यास हरकत नाही, परंतु एक वर्षाच्या आतील बालकाला तो मुळीच देऊ नये.

जे खरोखर बंद करावे त्याची यादी दह्याच्या यादीहून लहान, पण पाळावयास कठीण आहे. विडी-सिगारेटच्या आणि चुलीच्या धुराने लोम लुळे पडतात. तपकीर ओढल्याने डोके हलके होते असे सांगणारी पिढी आता मावळत आली, तरी जेथे ती डबी अजून कनवटीला असेल तेथून ती काढून घ्यावी. मद्याने नाकाचे अस्तर फुगते. दमा, नाकातील कोंब आणि ॲस्पिरिनचे वावडे ही तिन्ही एकत्र असणाऱ्या रुग्णांना तर थोड्याशा मद्यानेही नाक चोंदण्याचा अनुभव येतो, आणि अशांनी डोके दुखले म्हणून कोणतीही वेदनाशामक गोळी वैद्याला न विचारता घेऊ नये. रात्री दहाला पोटभर जेवून साडेदहाला आडवे होणाऱ्याच्या घशाशी आम्लपित्त येते, तो रात्रभर खाकरतो, आणि सकाळी त्या खाकरण्याची सबब सायनसवर घालतो. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर राखले तर अशा कित्येकांचा “सायनस” आपोआप नाहीसा होतो.

परंतु आहार आणि हे दुखणे यांतील सर्वांत गंभीर नाते मधुमेहाचे आहे, आणि ते महाराष्ट्राने २०२१ साली फार मोठी किंमत देऊन पाहिले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, रक्तातील साखर भडकलेली आणि त्यात स्टेरॉइडांची भर पडलेली असताना, हवेत एरवीही असणाऱ्या बुरशीने असंख्य रुग्णांच्या नासाविवरांत ठाण मांडले आणि तेथून ती डोळ्याकडे व मेंदूकडे सरकली. त्या मे महिन्यात केंद्र सरकारने या “काळ्या बुरशी”ची नोंद सक्तीची करण्यास राज्यांना सांगितले ते १८९७ च्या साथरोग कायद्याखाली, म्हणजे मुंबई इलाख्यातील प्लेगच्या बंदोबस्तासाठी इंग्रजांनी केलेल्या कायद्याखाली. लाट ओसरली, बुरशी हवेत आहेच. ज्याला मधुमेह आहे आणि नाकाचा त्रासही आहे, त्याच्यासाठी पहिले पथ्य साखरेचे. काढ्यात गुळाचा खडा आणि आल्याच्या वड्यांचा डबा ही औषधे म्हणून त्याच्या घरात येत असतील तर त्यांचाही हिशेब भाताच्या आणि पोळीच्या हिशेबातच धरावा.

एक उपाय आहारात मोडत नाही, पण सामग्री त्याची स्वयंपाकघरातलीच आहे, म्हणून सांगतो. ‘हठप्रदीपिके’तील नेती सुताची आहे, पाण्याची नेती आज अधिक रूढ आहे. मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा लाभ आधुनिक वैद्यकालाही मान्य आहे. २०१६ साली इंग्लंडात जुनाट दुखण्याच्या रुग्णांवर केलेल्या एका प्रयोगात नाक धुणाऱ्यांना काहीसा उतार पडला, वाफ घेणाऱ्यांना मात्र विशेष लाभ झाला नाही. वाफेने बरे वाटत असेल तर घ्यावी, परंतु उकळत्या पाण्याचे पातेले आणि लहान मूल यांची गाठ पडू देऊ नये. नाक धुण्यासाठी अर्धा लिटर पाण्यात सपाट पाऊण चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. पाणी निदान एक मिनिट खळखळून उकळलेले आणि कोमट होईपर्यंत झाकून ठेवलेले असावे. या बाबतीत आळस करू नये. २०११ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणारी दोन माणसे त्या पाण्यातील अमीबा मेंदूत शिरून दगावली. तेच पाणी प्याल्याने काही झाले नसते, कारण जठरातील आम्ल त्याचा समाचार घेते. नाकात तसा पहारेकरी नाही.

आणि आता वैद्याकडे केव्हा जावे ते. डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले, मान ताठली, ताप फार चढला, भान हरपू लागले, किंवा मधुमेह्याच्या नाकात वा टाळूवर काळी खपली दिसली, तर कढण शिजत ठेवून वाट पाहू नये. त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. एकाच नाकपुडीतून दुर्गंधी वा रक्तमिश्रित स्राव येत राहिला तर कान-नाक-घशाच्या वैद्याबरोबर दंतवैद्यालाही दाखवावे, कारण वरच्या दाढांची मुळे गालातल्या विवराच्या तळाला अगदी लागून असतात. नाक मोकळे करणारे थेंब पाच दिवसांवर वापरू नयेत. त्यांचा अंमल उतरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते आणि थेंबांचा तगादा कायमचा मागे लागतो. मी स्वतः या फेऱ्यात एक अख्खा हिवाळा काढला आहे.

हे सारे टळले आणि दुखणे साधेच असले, तर त्या आठवड्याचा दिनक्रम काही अवघड नाही. सकाळी कोमट पाणी आणि आल्याचा चहा, कमी साखरेचा किंवा बिनसाखरेचा. न्याहारीला पेज अथवा तांदळाची उकड. दुपारी मऊ भात, मुगाचे कढण, शेवग्याच्या पाल्याची भाजी, बांगडा-तारली खाणाऱ्यांच्या घरी त्यांचे कालवण, आणि बाधत नसेल तर वाटीभर ताजे दही. चारच्या सुमारास पुन्हा काही गरम. आणि रात्री आठाच्या आत माडगे, भाकरी, वर आवळ्याची फोड. मधल्या वेळी घरात पेरू असेल तर तिखट-मीठ लावून खुशाल खावा, आणि तिखटाने नाक वाहू लागले तर रुमाल हाताशी ठेवावा.